मात्र

आनंदवाडीच्या सोसायटीत डिझेलचा हिशेब आता
वहीत नसतो, माझ्या प्रोग्रॅममध्ये असतो.
होडीचं नाव, तांडेलाचं नाव, लिटर, शेरा.
चार चौकटी. चौथीत कोणी काहीही लिहावं:
"इंजिन गरम होता", "उधारी फुडल्या म्हावऱ्यार",
एकाने तर नुसतं "देवा महाराजा".
आलेलं सगळं मी जसंच्या तसं
लॉगमध्ये सोडत गेले, ओळीखाली ओळ.
कोण काय लिहितो याच्याशी मला काय करायचंय,
असं तेव्हा वाटायचं.

नारळी पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी
टाकीत चारशे लिटर कमी भरलं.
लॉग उघडला. त्यात होतं:
०४:१२ हेमांगी टिकम, मंजुरी, ४०० लिटर.
चेअरमननी नाव मोठ्याने वाचलं,
मग पुन्हा एकदा, जरा हळू.
हेमांगी काउंटरवरच उभी होती,
हातात तारेला टोचलेल्या पावत्या.
"चार वाजता मी घराक होतंय. झिलाक ताप होतो."
कोणी काही बोललं नाही.
यंत्र कशाला खोटं बोलेल?

यंत्र खोटं बोललं नव्हतंच.
हातात दिलेलं त्याने उतरवून घेतलं,
माझ्यासारखंच, न बघता.

रात्री तारामुंबरीच्या घरी
मी त्या एका ओळीसमोर बसून राहिले.
तिच्या वरची ओळ ०४:३७ ची,
खालची ०४:३८ ची,
आणि मध्ये ही, ०४:१२.
भरती चढत असताना पाणी
एका लाटेपुरतं मागे जाऊन
पंचवीस मिनिटं जुनं होऊन येत नाही.
वरच्या ओळीत होतं: भगवती प्रसन्न, शेरा, पंखा बदलला.
आणि "बदलला"च्या पुढे,
डोळ्यांना न दिसणारं, एक एंटर.
एवढंच. कोणीतरी एक कळ दाबून
शेऱ्याच्या चौकटीबाहेर पाय टाकला होता
आणि माझ्या अक्षरात लिहिलं होतं.

सकाळी कोयंडे तात्यांकडे गेले,
एकोणतीस वर्षं सोसायटीची वही त्यांच्याकडे.
त्यांनी कपाटातून वाळवी झटकून एक काढली.
अक्षरी रुपये दोनशे मात्र,
आणि "मात्र"पासून पानाच्या कडेपर्यंत
एक सरळ रेघ. प्रत्येक नोंदीला. पान पान रेघा.
"ह्या कित्याक, तात्या?"
"कोरी जागा म्हणजे उघडा दार.
मात्र लिवलंय, की फुडे कोणाक
कायएक घुसवूक गावता नाय."
मग चष्मा काढून म्हणाले,
"माणसा चांगली असतत गो. पण वही तेंच्यार सोडूची नाय."

आता शेऱ्यातलं एंटर माझ्याकडे ओळ मोडत नाही.
बॅकस्लॅश आणि एन अशी दोन चिन्हं होऊन
जाळ्यात अडकलेल्या कुर्लीसारखं दिसतं,
नांग्या बाहेर.
मी ते पुसत नाही.
आलं होतं, हे उद्या कोणालातरी दिसायला हवं.
शेऱ्याला दोन्ही बाजूंनी अवतरण,
दोनशे अक्षरांवर कात्री.
वेळ आणि कोणाचं लॉगिन, ही घरं वेगळी,
ती सर्व्हर भरतो, तिथे कोणाचा हात पोचत नाही.
"देवा महाराजा" अजून येतो.
त्याला कुठेच अडवलेलं नाही.

कोण होतं ते कळलं. नाव इथे लिहीत नाही,
लॉगमध्ये आहे.
चेअरमननी माफी मागितली नाही.
चहा मागवला, हेमांगीसाठी वेगळा, आल्याचा.
तिने तो निवू दिला.

हल्ली संध्याकाळी काउंटर मिटताना
ती माझ्याकडून एक ओळ छापून घेते:
हेमांगी टिकम, काउंटर बंद, ०७:०५.
पंख्याखाली कागद फडफडतो, तो तळव्याने दाबून
उरलेल्या कोऱ्या जागेवर
पेनाने लिहिते, मात्र,
आणि कडेपर्यंत रेघ ओढते.
तिला हे मी सांगितलेलं नव्हतं.